धुराडं उघडं टाकून आलात

वह्या मिटा. आज नवीन काही शिकवणार नाही. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडाशी तुम्ही ज्या ज्या घरी धुराड्याच्या चुली बांधल्यात, ती घरं मी बघून आलेय. जे दिसलं, त्यानंतर पुढचा धडा सुरू करायची माझी तयारी नाही.

टेबलावर काय ठेवलंय ते पुढे येऊन बघा. सगळे या. नाकं मुरडू नका, हातात घ्या. हा रंगाचा चार लिटरचा रिकामा डबा. तुमच्यापैकी एकानं तो पालथा करून पाइपाच्या तोंडावर घातला आणि ‘टोपी बसवली’ असं वहीत लिहून दिलं. कोण ते मला ठाऊक आहे आणि त्यालाही ठाऊक आहे. डब्याचा तळ थेट पाइपाच्या काठावर टेकलेला होता. धूर निघावा म्हणून कडेनं खिळ्यानं भोकं पाडली होती. मोजा. वीस भरतात. आता त्या भोकांत डोकावून बघा. एकही उघडं नाही. काळा चिकटा भरून वाळलाय, नखानं खरवडला तरी सुटत नाही. आतल्या अंगाला त्याचेच ओघळ गोठलेत. कडेचा पत्रा इतका गंजलाय की उचलताना तुकडा माझ्या हातात आला.

आता फळ्याकडे बघा. पाइपाचा आतला व्यास १० सेंटिमीटर. तोंडाचं क्षेत्रफळ किती? ७८.५ चौरस सेंटिमीटर. खिळ्याचं भोक ५ मिलिमीटरचं. त्याचं क्षेत्रफळ ०.२ चौरस सेंटिमीटरही भरत नाही. पाइपाच्या तोंडाइतकी वाट द्यायची तर अशी ४०० भोकं लागतात. ह्यानं वीस पाडली. म्हणजे पहिल्याच दिवशी, भोकं कोरी असताना, धुराची विसातले एकोणीस हिस्से वाट बुजलेली होती. उरलेला एक हिस्सा चिकट्यानं बुजवला. हे गणित शाळेतल्या पोराला येतं. तुम्ही कमावती माणसं, हातात थापी आणि पत्र्याची कात्री घेऊन लोकांच्या घरात शिरता, आणि हे तुमच्या डोक्यात येऊ नये?

त्या घरच्या बाईनं काय केलं असेल, सांगा. पंधरा दिवस ठसकत तिनं त्या चुलीवर भाकऱ्या भाजल्या. धूर मागच्या वैलातून बाहेर, पुढच्या तोंडातून बाहेर, माजघरभर. मग एक दिवस तिनं तुमच्या चुलीवर पाट टाकला, त्यावर पाण्याची कळशी ठेवली आणि पडवीत तीन दगड मांडले. मला म्हणाली, “बाई, ह्या नव्या चुलीपेक्षा जुनी बरी. निदान धूर उघड्यावर तरी जातो.” मी तिला काय उत्तर देणार होते? टोपी चुकली असं तिला दिसत नाही. तिला चूल चुकलेली दिसते. पुढच्या वर्षी कुणी सुधारित चुलीचं नाव काढलं की ती आणि तिच्या शेजारणी दारातून परत पाठवतील. तुमच्या एका डब्यानं आख्ख्या वाडीचा विश्वास गेला.

आणि हे दुसरं. हे घरटं. साळुंकीचं आहे, ह्या निळ्या कवचाचे तुकडे बघा. काथ्या, गवताच्या काड्या, गुटख्याच्या पुड्या, नायलॉनचा दोरा. हे निघालं दुसऱ्या घरच्या पाइपातून, जिथे तुम्ही टोपीच बसवली नव्हती. घर मे महिनाभर बंद होतं, माणसं मुंबईला. साळुंकीला भोक मिळालं, तिनं संसार थाटला. तिची काही चूक नाही. जूनमध्ये घरची माणसं आली, म्हातारीनं आंघोळीच्या पाण्याला चूल पेटवली आणि धूर परत फिरला. ती झावळ्या घालत राहिली, तिला वाटलं सरपण ओलं आहे. न्हाणीघराला खिडकी एवढीशी, दार पावसामुळे ओढलेलं. नातू वेळेवर आला म्हणून बरं. डोकं गरगरतंय, मळमळतंय म्हणत ती भिंतीला टेकून बसली होती. हे करणाऱ्या वायूला काय म्हणतात? तुम्हाला शिकवलंय. कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. धुरानं डोळे तरी चुरचुरतात, माणूस उठून बाहेर पळतो. निखाऱ्यांवर धूर कमी आणि हा वायू भरपूर, तेव्हा कळतच नाही. टोपी ही शोभेची वस्तू आहे असं तुमच्यातल्या ज्यांना वाटतं, त्यांनी त्या म्हातारीसमोर जाऊन तसं सांगावं.

आता सबबी. तुमच्या सगळ्या सबबी मी ऐकून आलेय.

“बाई, टोपीचे वेगळे पैसे मिळत नाहीत.” चुलीच्या मागच्या वैलाचे वेगळे मिळतात का? जाळीचे मिळतात का? चूल, पाइप आणि टोपी ही एकच वस्तू आहे. किंमत सांगतानाच तिघांची मिळून सांगायची. कुणी म्हणालं टोपी नको, तर चूलही बांधायची नाही, नमस्कार करून निघायचं. कामच करायचं नाही असं मी तुम्हाला सांगतेय, ह्यावरून टोपीचं महत्त्व समजा.

“शिडी नव्हती.” मग त्या दिवशी काम संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन जायचं होतं.

“घरमालक म्हणाला, मी नंतर बसवतो.” आणि तुम्ही मान डोलावलीत. घरमालकाला काय माहीत गाळा किती ठेवायचा? तुम्हालाच माहीत नाही.

तर गाळ्याचं बोलू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. टोपी आणि पाइपाचं तोंड ह्यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, तिच्यातून धूर बाजूनं बाहेर पडतो. ती जागा निदान पाइपाच्या तोंडाइतकी हवी. पाइपाचा घेर ३१.४ सेंटिमीटर. त्याला अडीचनं गुणा. ७८.५. म्हणजे गाळा अडीच सेंटिमीटर असला तर हिशेब जेमतेम जुळतो. जेमतेम. पण टोपीच्या पायपट्ट्या थोडी जागा खातात, चिकटा जमतो, धुराला वळण घ्यावं लागतं. म्हणून मी ७ सेंटिमीटर सांगते. तुम्ही बसवलेल्या टोप्यांत मला बोट घालता आलं नाही अशी घरं निघाली.

गाळा वाढवला की पाऊस शिरतो, ही तुमची पुढची तक्रार. बरोबर आहे. म्हणून टोपी रुंद करायची. पाऊस वाऱ्यानं ४५ अंशात तिरका येतो असं धरा. ७ सेंटिमीटर गाळ्याला टोपीची कड पाइपाच्या बाहेर चारही अंगांनी निदान ७ सेंटिमीटर हवी. १० आणि १४ मिळून २४. टोपी २५ सेंटिमीटर व्यासाची कापा. घर खाडीच्या किंवा समुद्राच्या तोंडावर असलं तर ३०. आणि ती सपाट ठेवायची नाही, शंकूची करायची. वरून पाणी कडेला वाहून जातं आणि खालून चिकटा उतारानं कडेपर्यंत येऊन पाइपाच्या बाहेर गळतो. सपाट पत्र्याचा चिकटा सरळ पाइपात टपकतो आणि तिथून भातावर. तुमच्या ताटात पडला असता तर कळलं असतं.

पाण्याचंही एकदा मोजूनच टाकू. रत्नागिरीला वर्षाचा पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वर. तीन मीटर पाणी. उघड्या पाइपाच्या तोंडातून, ७८.५ चौरस सेंटिमीटरमधून, आत किती उतरतं? साडेतेवीस लिटर. एका पावसाळ्यात दीड बादली पाणी तुम्ही त्या बाईच्या चुलीत ओतायची सोय करून आलात. माती भिजते, सिमेंटचा लेप सुटतो, राखेचा चिखल होतो, सकाळी पेटवायला काडेपेटीच्या काडीमागून काडी. मग ती काय करते? पाइपाच्या वरच्या तोंडात गोणपाटाचा बोळा कोंबायला नवऱ्याला छपरावर चढवते. पाऊस थांबतो, बोळा विसरतो. ही शिक्षा तिच्या माथी तुम्ही मारलीत.

वाऱ्याचं तर तुम्ही लक्षातच घेत नाही. धूर वर का जातो? आतली हवा गरम म्हणून हलकी, बाहेरची गार म्हणून जड. ह्या फरकाचा जोर किती असतो ते कुणी मोजलंय? दहा फुटांचा पाइप धरा, आतला धूर सरासरी १०० अंशांचा, बाहेरची हवा २७ अंशांची. ओढ निघते जवळजवळ ७ पास्कल. पाण्याची पाऊण मिलिमीटर उंचीसुद्धा नाही. एवढ्याशा ओढीवर तुमची सगळी चूल चालते. आता ताशी १८ किलोमीटरचा वारा, म्हणजे कोकणातल्या दुपारची नेहमीची झुळूक, सरळ पाइपाच्या तोंडात शिरली तर तिचा दाब ह्याच्या दुप्पट. ताशी ३६ चा वारा झाला तर आठ-नऊ पट. उंच भिंतीच्या किंवा डोंगराच्या आडोशाला पाइप असला की वारा वरून खाली कोसळतो आणि नेमका तोंडात घुसतो. टोपी त्याला आडवी उभी राहते. म्हणून पाइप छपरातून निघाल्यावर तीन फूट वर न्यायचा, आणि दहा फुटांच्या आत आढं, भिंत, फणसाची फांदी काही असेल तर त्याच्याहीपेक्षा दोन फूट उंच. अमेरिकेत घरांच्या धुराड्यांना हाच दंडक लावतात. वारा तिथला आणि इथला वेगळा वागत नाही. तुम्ही पाइप कौलाच्या वर वीतभर काढता आणि सोडता, कारण पाइपाचा उरलेला तुकडा दुसऱ्या घरी वापरता येतो. हे मला कळत नाही असं समजू नका.

पत्रा कुठला वापरायचा हेही तुम्ही कानाआड टाकलंत. लाकडाच्या धुरात ॲसेटिक आम्ल असतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच. धूर थंड पत्र्याला लागला की ते पाण्याबरोबर तिथे साचतं आणि जस्ताचा मुलामा खाऊन टाकतं. वरून समुद्राची खारी हवा. रंगाचा डबा दोन पावसाळे कसा टिकेल? जीआय पत्रा वापरायचा तर चांगल्या जाडीचा, २४ गेजचा, आणि तो काही वर्षांनी बदलायचा आहे हे घरच्यांना आधीच सांगायचं. ऐपत असेल तिथे स्टेनलेस स्टील. पैसे एकदा जातात. एका घरी तर मला पाइपावर प्लॅस्टिकची बादली दिसली. वितळून एका बाजूला लोंबत होती. ती कुणी घातली ते मी विचारणार नाही, कारण उत्तर ऐकलं तर माझ्या तोंडून वावगं जाईल.

बांधणीचं बोलू. सुतळी! माझा विश्वास बसला नाही. पाइपाला सुतळीनं बांधलेली टोपी. दुसरीकडे बाइंडिंगची तार, तीही गंजून तुटलेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनला येऊन धडकलं, ताशी ११० किलोमीटरचा वारा होता. दापोली-मंडणगडकडे छपरं उडाली, माडाच्या बागा आडव्या झाल्या. तुमच्यातल्या कितीजणांच्या घरचे पत्रे गेले होते तेव्हा? आणि तरी सुतळी? २५ सेंटिमीटरच्या टोपीवर तेवढ्या वाऱ्याचा जोर अंदाजे तीन किलोंच्या वजनाइतका पडतो. तीन पायपट्ट्या, पाइपाला कसून आवळलेलं पट्टीचं कडं, नट-बोल्ट. रिव्हेट चालतील टोपीच्या बाजूला, पण कड्याला बोल्टच, कारण टोपी काढता आली पाहिजे. कायमची जाम केलेली टोपी कुणी साफ करत नाही. एकानं तर ती सिमेंटमध्ये गाडली आहे. मजबूत काम केलं म्हणून तो माझ्याकडे कौतुकानं बघत होता. बाळा, ती टोपी आता फोडावी लागेल.

जाळीच्या बाबतीत दोन टोकं पाहिली. काहींनी लावलीच नाही, काहींनी डासांची जाळी लावली. डासांच्या जाळीवर आठवड्याभरात चिकटा धरतो आणि धूर कोंडतो. न लावली तर साळुंकी, चिमण्या, गांधीलमाश्या, आणि कोरड्या झावळीची ठिणगी उडून शेजारच्या पेंढ्याच्या उडवीवर. जाळीचं भोक अर्ध्या इंचाचं हवं. त्याहून मोठ्यातून ठिणगी जाते, फार बारीक झालं की बुजतं. पाखरू आत शिरू नये आणि धूर बाहेर पडावा, दोन्ही एकाच जाळीनं साधायचंय. वानरांसाठी मात्र जाळी कामाची नाही, तिथे बोल्टच कामाला येतात. वानर टोपी उपटून बघतंच.

सिमेंटचा ॲस्बेस्टॉसचा पाइप कोरडा कापताना मी कुणालाही पुन्हा पाहिलं, तर त्याचं नाव वर्गातून कमी होईल. पाणी मारून, हातकरवतीनं, तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क बांधून, घराबाहेर. ती धूळ फुप्फुसात गेली की वीस-तीस वर्षांनी आपला हिशेब मागते. ह्यावर चर्चा नाही.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे मी चिडलेय, ते बोलते. टोपी चुकीची बसवली ती एक चूक. पण बसवल्यापासून आजपर्यंत तुमच्यातलं कुणीही एकदासुद्धा त्या घरी परत फिरकलं नाही. कुणीही. चूल बांधली, पैसे घेतले, फोटो काढला, नव्याचे नऊ दिवस संपले.

ह्या देशात हेच होत आलंय. वर्ध्याच्या मगनवाडीनं मगन चूल काढली त्याला पाऊणशे वर्षं उलटली. १९८० च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, २००२ साली तो थांबला तोवर तीन कोटींहून जास्त चुली बांधल्याची नोंद झाली. बांधणाऱ्याला पैसे बांधण्याचे मिळत होते, मोजणाऱ्याला आकडा बांधलेल्या चुलींचा हवा होता. धुराडी बुजली, टोप्या उडाल्या, पाइप फुटले आणि बायका तीन दगडांवर परत आल्या. ओडिशात धुराड्याच्या चुली वाटून काही वर्षं त्या घरांवर लक्ष ठेवणारा अभ्यास झाला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन ह्यांचा. पहिल्या वर्षी धूर कमी झाल्याचं दिसलं. नंतर तो फायदा विरून गेला. चुली नियमित वापरल्या जात नव्हत्या, त्यांची डागडुजी होत नव्हती. डुफ्लोंना पुढे २०१९ साली नोबेल मिळालं, पण त्यांना ओडिशात जे दिसलं ते मला आपल्या वाडीत रंगाच्या डब्यात दिसलं.

उलट ग्वाटेमालात बघा. कर्क स्मिथ ह्यांनी तिथल्या डोंगरी गावांत धुराड्याच्या चुली दिल्या आणि लहान मुलांचा न्यूमोनिया मोजला. गंभीर न्यूमोनिया जवळजवळ एक तृतीयांशानं कमी झाला. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. तिथे कार्यकर्ते दर आठवड्याला घरी जात होते, चूल बिघडली की दुरुस्त करून घेत होते. चूल तिथेही होती, ओडिशातही होती. फरक त्या फेऱ्यांचा. मी तुम्हाला दर आठवड्याला जायला सांगत नाही. वर्षातून दोनदाही तुम्हाला जमलं नाही.

गॅस आला आता, चुली कुठे उरल्या, असं म्हणणारे मला भेटतात. २०१६ मध्ये उज्ज्वला आली, सिलिंडर घरोघरी पोचले, फार चांगलं झालं. पण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं देशात ५८.६ टक्केच होती. आणि जिथे गॅस आहे तिथेही आंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण, पेज, भाकऱ्या चुलीवरच होतात. घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला ३२ लाख माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. तुमची आई, तुमची मामी, तुमची बायको त्या चुलीपुढे बसते. तिचं फुंकणीवर वाकलेलं तोंड चुलीपासून वीतभर अंतरावर असतं. पाइपातून मागे फिरलेला धूर पहिल्यांदा तिच्या छातीत जातो. तुम्ही तेव्हा ओट्यावर बसून चहाची वाट बघत असता.

म्हणून आता लिहून घ्या. आत्ता वह्या उघडा.

मे महिन्याच्या मध्यात, पहिल्या वळवाच्या आधी, टोपी काढून खाली आणायची. चिकटा खरवडायचा, जाळी जुन्या खरखरीत ब्रशनं घासायची, बोल्टांना तेल द्यायचं, गंजलेला पत्रा टोकरून बघायचा. बोट आत गेलं तर टोपी बदलायची, पुढच्या वर्षावर ढकलायची नाही. दसऱ्यानंतर, पाऊस गेल्यावर, पुन्हा. पाइप मात्र महिन्यातून एकदा आतून झाडला पाहिजे, आणि ते घरची माणसंही करू शकतात, जर तुम्ही शिकवलंत तर. लांब बांबूला काथ्याचा कुंचा बांधायचा, टोपी काढून वरून खाली फिरवायचा, खालच्या सफाईच्या तोंडातून काजळी काढायची. ते तोंड तुम्ही ठेवलंय का? काही घरी मला ते सापडलंच नाही. जिथे नाही तिथे तुम्ही आपल्या खर्चानं पाडून देणार आहात.

काजळी हातानं, उघड्या तोंडानं काढायची नाही. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जननं दाखवून दिलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी होणारा कर्करोग काजळीमुळे होतो. ती पोरं लहानपणापासून धुराड्यांत शिरत. अडीचशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आहे, तुम्हाला नव्यानं सिद्ध करून दाखवायला नको. काजळीवर पाणी शिंपडायचं, तोंडाला फडकं बांधायचं, नंतर हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे.

तपासायचं कसं? सफाईच्या तोंडाशी छोटा आरसा तिरका धरायचा. वर टोपीखाली उजेडाचं पूर्ण कडं दिसलं पाहिजे. अर्धं दिसलं तर काहीतरी अडकलंय. मग चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरायची. तिचा धूर आत ओढला गेला पाहिजे, बाहेर लोटला जाता कामा नये. हे दोन मिनिटांचं काम घरच्या बाईसमोर करायचं आणि तिच्याकडून करून घ्यायचं. तिला कळलं की ती तुम्हाला बोलावेल. तुम्ही ते ज्ञान स्वतःकडे ठेवून काय करणार आहात?

तिला आणखी दोन गोष्टी सांगायच्या. काजूची टरफलं चुलीत घालायची नाहीत. त्यांतलं तेल कातडी जाळतं, आणि जळताना जो चिकटा सोडतं तो पाइपात बसला की निघत नाही. ओलं लाकूड जाळायचं नाही, त्याचा धूर गार आणि चिकट असतो, पाइप त्यानंच भरतो. आणि पाइपातून घोंघावल्याचा आवाज आला, पाइप तापून तडतडायला लागला, तर आतला चिकटा पेटलाय. तेव्हा चुलीचं तोंड आणि वैल पत्र्यानं, ओल्या गोणपाटानं बंद करायचे, हवा तोडायची, माणसांना बाहेर काढायचं. तापलेल्या पाइपात पाणी ओतायचं नाही, तो फुटतो आणि आग छपराला मिळते.

आता कामाची वाटणी. उद्या शनिवार. दोघादोघांच्या जोड्या करा. ज्यानं ज्या घरी चूल बांधली, त्यानंच त्या घरी जायचं, दुसऱ्यावर ढकलायचं नाही. पत्रा इथून कापून, शंकू वळवून, कडी बनवून न्यायची. मी सकाळी सात वाजता कात्री आणि पंच घेऊन बसते, प्रत्येक टोपीचा गाळा पट्टीनं मोजल्याशिवाय बाहेर जाऊ देणार नाही. गेल्यावर आधी त्या बाईची माफी मागायची. “आमचं चुकलं, तुमच्या चुलीचं नाही,” एवढं स्पष्ट म्हणायचं. मग वर चढायचं. ज्या घरी तीन दगड मांडलेत, तिथे संध्याकाळी थांबून ती तुमच्या चुलीवर पेज शिजवेपर्यंत निघायचं नाही. पैसे मागायचे नाहीत. सोमवारी मला प्रत्येक घरची उघडलेली आणि साफ केलेली जुनी टोपी, किंवा जिथे नव्हती तिथे तसं लिहिलेला कागद, ह्याच टेबलावर हवा.

कौलांवर शेवाळ आहे, पावसाळ्यानंतर ते अजून निघालेलं नाही. शिडी धरायला खाली माणूस उभा असल्याशिवाय कुणीही पाय वर टाकायचा नाही. जा, जोड्या करा.